पट्टी आणि इको एकदा शेजारी ठेवा: सोलापूरच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, हृदयरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी लॅब चालवणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. उभी नोकरी ईसीजीच्या पट्ट्या काढण्यात गेली. पट्टीचा अर्थ सांगायचा अधिकार आम्हाला नसतो आणि मी तो कधी घेतलाही नाही. पण हजारो छात्यांवर वाट्या चिकटवल्यावर डोळ्यांना काही गोष्टी आपोआप कळायला लागतात. त्यातल्या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे. साठीच्या आसपासचा माणूस धाप आणि पायांवरची सूज घेऊन तुमच्याकडे आला, आणि त्याच्या इकोच्या रिपोर्टवर हृदयाची भिंत जाड असल्याचं लिहिलेलं असलं, तर तो रिपोर्ट फाइलला लावण्याआधी त्याची ईसीजीची पट्टी शेजारी ठेवून बघा. एवढंच मागणं आहे. बाकीचं पत्र त्याची कारणं सांगण्यात जाणार आहे.

बीपीमुळे भिंत जाड झाली असेल तर पट्टीवरच्या लाटा उंच यायला हव्यात. स्नायू वाढला की वीजही वाढते. भिंत जाड आहे पण लाटा मात्र खुज्या, लो व्होल्टेज, असं दिसलं तर भिंतीत जे भरलंय ते स्नायू नसण्याची शक्यता असते. अशा वेळी पहिला संशय आम्हा पट्टी काढणाऱ्यांवर येतो. 'मशीन नीट होतं का रे? जेली लावली होतीस ना?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पट्टीवरच असतं. सुरुवातीची चौकोनी खूण दहा मिलिमीटर उंच आहे का बघा. ती बरोबर असेल आणि तरी हातापायांच्या एकाही लीडमध्ये (हातापायांवरून घेतलेल्या नोंदीत) लाट पाच मिलिमीटरच्या वर जात नसेल, तर दोष मशीनचा नाही. लठ्ठपणा, फुप्फुसात अडकलेली हवा, हृदयाभोवतीचं पाणी, मंदावलेली थायरॉइड, यांनीही लाटा बसतात. ही कारणं बाजूला काढल्यावर जे उरतं त्याचं नाव एएल अमायलॉयडोसिस असू शकतं.

हे पत्र नातेवाईकही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. शरीराच्या संरक्षणासाठी अँटिबॉडी तयार करणं हे त्यांचं काम. त्यातला एक गट बिघडून बेसुमार वाढला की मायलोमा होतो. एएलमध्ये हा बिघडलेला गट बहुधा लहानसाच असतो, पण त्याच्यातून निघणारं प्रोटीन, म्हणजे अँटिबॉडीचा लाइट चेन नावाचा तुकडा, चुकीचा दुमडला जातो. हे तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचे धागे होतात, यांनाच अमायलॉइड म्हणतात, आणि ते हृदय, किडनी, नसा, यकृत, जीभ, मिळेल तिथे जाऊन बसतात. चारपैकी साधारण तीन रुग्णांत हृदय सापडतं, आणि माणूस दगावतो तो बहुतेक हृदयामुळेच. याला सरळ कॅन्सर म्हणावं की मायलोमाचं भावंड, यावर तज्ज्ञ वाद घालोत. औषधं कॅन्सरचीच लागतात आणि ती रक्तविकारतज्ज्ञच देतो. घरच्यांच्या लेखी हा रक्ताचा कॅन्सरच.

'असले आजार पुस्तकात असतात, आमच्या ओपीडीत कुठे?' असं मनात आलं असेल, तर एक ढोबळ हिशेब मांडतो. पाश्चात्त्य देशांत दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दहा नवे रुग्ण सापडतात. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. त्या दराने वर्षाला चाळीसेक झाले. आपली लोकसंख्या त्यांच्याहून तरुण आहे, म्हणून निम्मे धरा. वीस. शिवाय तुळजापूर, धाराशिव, इंडी, आळंदपासून माणसं सोलापूरलाच येतात, ती यात धरलेली नाहीत. ही वीस माणसं कुठे जातात? तुमच्याकडेच येतात. त्यांच्या कागदांवर 'हार्ट फेल्युअर', 'बीपीचं हार्ट', 'किडनीचा त्रास', 'वय' असं काहीबाही लिहिलेलं असतं, इतकंच.

आमचे दाजी असेच वर्षभर फिरले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. अंगाने काटकुळे, तंबाखू नाही, दारू नाही. आधी दोन्ही हातांना मुंग्या यायला लागल्या. आयुष्यभर मागावर हात चालवलेले, त्यामुळे मनगटाची नस दबली असं निदान झालं आणि एका हाताचं ऑपरेशनही झालं. मग त्यांचं बीपी 'बरं' झालं! दहा-बारा वर्षांची गोळी कमी करत करत बंदच करावी लागली. ताईने सिद्धेश्वराला नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. जुनं बीपी आपलं आपण उतरलं तर पेढे वाटण्याआधी कारण शोधावं, हे घरच्यांना कुठून कळणार? तुम्हाला मात्र कळायला हवं.

पुढे उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. एप्रिलचा महिना, सोलापूरचं ऊन; ऊन लागलं म्हणाले. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. अॅसिडिटी ठरली, दुर्बिणीने पोट बघून झालं. पायांना सूज आली, लघवीला फेस यायला लागला, एका सकाळी खोकून खोकून डोळ्यांभोवती काळंनिळं झालं. ते कुठेतरी धडपडले असतील असं गृहीत धरलं गेलं. एका ठिकाणी पट्टी बघून 'जुना अटॅक येऊन गेलाय' असं सांगितलं. अँजिओग्राफी केली तर नळ्या स्वच्छ. मग इको. 'पंपिंग साठ टक्के आहे, ब्लॉकेज नाही, टेन्शन घेऊ नका.'

यात कुणी हलगर्जीपणा केला असं मी म्हणत नाही. हातवाल्याने हात बघितला, पोटवाल्याने पोट, हृदयवाल्याने नळ्या, आणि प्रत्येकाचं आपल्यापुरतं उत्तर बरोबरच होतं. पण पट्टी एका दवाखान्यातली, इको दुसऱ्या सेंटरचा, लघवीचा रिपोर्ट तिसऱ्या लॅबचा. हे सगळे कागद ताईच्या हातातल्या पिशवीत एकत्र होते आणि टेबलावर एकत्र कधीच आले नाहीत. आपल्याकडची ओपीडी कशी असते ते मी आतून पाहिलंय. बाहेर पन्नास माणसं ताटकळत असताना कोण पिशवी उपडी करणार? तरीही म्हणतो, या एका जातीच्या रुग्णासाठी ती करा.

पुण्यात ती केली एका निवासी डॉक्टर मुलीने. पोरगी पंचविशीची असेल. तिने सगळे कागद कॉटवर पसरले, इकोतली भिंतीची जाडी आणि पट्टी आलटूनपालटून बघितली आणि म्हणाली, 'आजोबा, जीभ दाखवा बरं.' जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे होते. जीभ जाड झाली होती, आणि दाजी ज्याला 'बोबडं बोलायला लागलोय' म्हणत होते ते त्यामुळे होतं.

पुढचं सरळ होतं. पोटावरच्या चरबीचा सुईने काढलेला नमुना, मगजाची तपासणी, रक्तातल्या लाइट चेन. रक्तविकारतज्ज्ञांनी सगळं समजावून सांगितल्यावर दाजी म्हणाले, 'म्हणजे हार्टला खळ बसली म्हणा की.' आयुष्य ताण्याच्या सुताला खळ देणाऱ्यांच्या संगतीत गेलेलं. खळीने सूत ताठ होतं तशी भिंत ताठ होते. आकुंचन पावण्याचं तिचं काम बरेच दिवस ठीकठाक दिसतं, पण ती सैल पडून रक्त आत घेत नाही. 'पंपिंग साठ टक्के' हा आकडा म्हणूनच फसवा. टक्केवारी शाबूत राहते, पण भरलंच कमी तर बाहेर काय पडणार?

साध्या तपासण्यांत हा आजार का निसटतो, तेही सांगायला हवं. बिघडलेल्या पेशी थोड्या असल्यामुळे सीबीसी बहुधा नॉर्मल येतो. 'रक्त चांगलं आहे' ऐकून माणूस घरी जातो. रक्तातली प्रोटीनं वेगळी करून दाखवणाऱ्या नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसवरही बरेच रुग्ण निसटतात. तीन तपासण्या एकत्र लागतात: रक्तातील फ्री लाइट चेन, रक्ताचं इम्युनोफिक्सेशन (दूषित प्रोटीन नेमकं ओळखणारी तपासणी) आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन. तिन्ही केल्या तर निसटणारे फार थोडे. कप्पा आणि लॅम्डा या लाइट चेनच्या दोन जाती; त्यांचं नॉर्मल गुणोत्तर ०.२६ ते १.६५ असतं, पण किडनी अधू असेल तर वरची मर्यादा तीनच्या पुढे सरकते. रिपोर्टवरच्या ठळक अक्षरांकडे बघून घाबरू नये आणि घाबरवूही नये. उलट बाजूही सांगून टाकतो, नाहीतर माझ्या पट्टीचं मी फारच कौतुक केल्यासारखं होईल. लो व्होल्टेज दिसतं ते निम्म्याच्या आसपास रुग्णांत. लाटा चांगल्या आहेत म्हणून हा आजार नाही असं ठरवता येत नाही. अशा वेळी भिंतीची जाडी, लघवीतलं प्रोटीन, उतरलेलं बीपी, हातांच्या मुंग्या, जीभ, डोळ्यांभोवतीचे डाग, यांतलं दुसरं काहीतरी बोलकं असतं. नवीन इको मशीनवर स्ट्रेन, म्हणजे भिंतीचा कुठला भाग किती आखडतो याचं माप, काढता येतो. त्यात हृदयाचं टोक तेवढं नीट हलतंय आणि बुडाकडचा भाग अडखळतोय असं चित्र आलं, तर तीही मोठीच खूण. मशीनमध्ये सोय असेल तर ते बटण दाबायला काही मिनिटांचंच काम आहे.

लॅबवाल्यांना दोन शब्द. सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत 'फुल बॉडी चेकअप'चे फलक आहेत. व्हिटॅमिनपासून सगळं त्यात आहे, मात्र वर सांगितलेल्या तीनपैकी एकही नाही. त्या पॅकेजात घाला असं मी म्हणत नाही. सरसकट सगळ्यांच्या लाइट चेन तपासणं म्हणजे पैशांची नासाडी. मी म्हणतोय, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं तर 'ही टेस्ट होत नाही' असं काउंटरवरून सांगू नका. नमुना पुण्या-मुंबईला पाठवता येतो. त्याची किंमत, किती दिवस लागतील आणि लघवीचा नमुना कसा द्यायचा, हे काउंटरवरच्या मुलाला माहीत असू द्या. आमच्या ताईला एका लॅबमधून दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा दुसरीच तपासणी करून दिली आणि तिचे पैसेही घेतले.

पॅथॉलॉजिस्ट मंडळींना काँगो रेडबद्दल मी काय सांगणार? १९२०च्या दशकापासून वापरात असलेला हा रंग आहे. ध्रुवीकृत प्रकाशात स्लाइडवर हिरव्या सफरचंदासारखा रंग चमकला की अमायलॉइड ठरतं. लागतं काय, तर नीट जमवलेला रंग, पडताळणीसाठी एक पक्की पॉझिटिव्ह स्लाइड आणि पोलरायझर लावलेला मायक्रोस्कोप. चरबीचा नमुना घ्यायला पोटावर भूल देऊन थोडा वेळ पुरतो. हृदयाला हात लावावा लागत नाही. तो निगेटिव्ह आला तरी संशय राहिला तर मगज आणि गरज पडल्यास गुंतलेला अवयव, हा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. आपलं मेडिकल कॉलेज १९६३ पासूनचं. सिव्हिलमध्ये रुग्णांना तोटा नाही. जिल्ह्यातल्या कुणालाही खात्रीने स्लाइड पाठवता येईल असं एक टेबल तिथे असावं, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

घाई कशासाठी, असं विचाराल. हृदय निकामी झाल्याची लक्षणं सुरू झाल्यावर उपचार मिळाले नाहीत तर जुन्या आकडेवारीत निम्मे रुग्ण सहा महिन्यांच्या आत गेलेले आहेत. म्हणजे 'औषध बदलून बघू, महिन्याने या' हे वाक्य इथे फार महागात पडतं. आणि आज उपचार नाहीत असंही नाही. बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन हे तिघं मिळून बरंच काम करतात. बोर्टेझोमिबची देशी बनावटीची इंजेक्शनं मिळतात, आठवड्याला एक, कातडीखाली. त्यात डॅराट्युमुमॅबची भर घातली तर फरक मोठा पडतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा चाचणीत ३८८ रुग्ण होते. रक्तातलं दूषित प्रोटीन पूर्ण आटोक्यात येण्याचं प्रमाण नुसत्या जुन्या तिघांवर १८ टक्के होतं, चौथं औषध जोडल्यावर ते ५३ टक्क्यांवर गेलं. ते औषध महाग आहे, आणि आमच्यासारख्यांच्या घरात त्यावरून रात्र रात्र बोलणी होतात. पण बोलणी व्हायला आधी आजाराचं नाव तरी कळायला हवं.

नाव कळेपर्यंत जी औषधं चालू असतात त्यांचाही प्रश्न आहे. ताठ झालेलं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू शकत नाही, ते ठोके वाढवून भागवतं. त्याला ठोके कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या तर माणूस गळून जातो. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांच्याबाबत तर खास सावध राहायचं असतं. दाजींचा अशक्तपणा यांतली एक गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात निम्मा झाला. नातेवाइकांनो, हे वाचून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. हा मजकूर तुमच्या डॉक्टरांसाठी आहे.

मोठ्या शहरांत हल्ली अमायलॉइडसाठी पायरोफॉस्फेट स्कॅन सुचवला जातो. तो उपयोगाचा आहे, पण तो प्रामुख्याने अमायलॉइडच्या दुसऱ्या जातीसाठी, यकृतातून येणाऱ्या टीटीआर प्रोटीनसाठी. एएलमध्येही तो कधी कधी पॉझिटिव्ह येतो. लाइट चेनच्या तपासण्या न करता नुसत्या स्कॅनवर भरवसा ठेवला तर रुग्णाला केमोऐवजी भलतंच औषध सुरू होईल. आधी रक्त-लघवी, मग स्कॅन. आपल्याकडून पुढे पाठवताना चिठ्ठीवर एवढं लिहिलं तरी एक फेरा वाचेल.

दुर्मीळ आजारांसाठी छोट्या गावात काय करता येणार, असं म्हणणाऱ्यांना मी बार्शीकडे बोट दाखवतो. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत माणसं गावोगाव फिरून रुग्ण शोधत होती, लोकांना लक्षणं सांगत होती, सापडलेल्याला तपासणीपर्यंत आणत होती. तेव्हा मोबाइल नव्हते आणि आजच्यासारखं कुरिअरही नव्हतं. त्या जिल्ह्यात आज शहरातले चार डॉक्टर महिन्यातून एकदा बसून जाड भिंतीच्या इकोची फाइल उघडू शकत नाहीत, हे मला पटत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. डिस्चार्ज कार्डावर आजाराचं पूर्ण नाव लिहा. 'हार्ट फेल्युअर' लिहून सोडलं की विमा कंपनीपासून सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रापर्यंत सगळीकडे तेवढंच चालतं. आज महात्मा फुले नावाने चालणारी जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. म्हणजे आपल्याकडच्या लोकांना या योजनेची कागदपत्रं कोळून पाठ आहेत. पण कागदावर जे नावच नाही ते आरोग्यमित्र संगणकात शोधणार कसं? योजनेत या आजाराचं काय व्हावं, याबद्दल मुंबईला मी वेगळं पत्र लिहिणार आहे. इथे तो विषय वाढवत नाही.

दाजी आज आहेत. लाइट चेन खाली आल्या आहेत. हृदय मात्र रक्ताच्या मागून रखडत सुधारतं, काहींचं वर्षभराने, काहींचं सुधारतच नाही. सूज कमी आहे, घरातल्या घरात फिरतात, माळ्यावरची खोली आता नातवंडांना दिली. मिठाची बंदी आहे. सोलापुरी माणसाला शेंगाचटणी सोडायला सांगणं हा केमोपेक्षा अवघड उपचार आहे, असं त्यांचं मत. निदानाआधीच्या वर्षात भिंतीत जे साचलं ते औषधाने उपसून निघत नाही, नवीन साचणं थांबतं. म्हणून हे पत्र त्यांच्यासाठी नाही, तुमच्या उद्याच्या ओपीडीतल्या माणसासाठी आहे.

शेवटची विनंती, अगदी हातात घेता येईल अशी. आपापल्या दवाखान्यातल्या गेल्या वर्षभराच्या इको रिपोर्टमधून भिंत बारा मिलिमीटरच्या वर असलेले वेगळे काढा. त्यात ज्यांचं बीपी फारसं नव्हतं किंवा आपोआप उतरलं, त्यांच्या पट्ट्या शोधा आणि शेजारी ठेवा. मनुष्यबळ नाही म्हणाल, तर मी रिकामाच आहे, आणि माझ्यासारखे निवृत्त झालेले आणखी दोघं-तिघं तयार आहेत. शनिवारी दुपारी, ओपीडी उठल्यावर बोलवा. रुग्णाचं नाव झाकून पट्टी द्या. आम्ही लाटा मोजून देऊ, अर्थ तुम्ही लावा. मानधन नको, आणि चहाही आम्हीच आणू.

आपला,
एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन
जुळे सोलापूर